अर्धा तास तोंड बंद

"डॉक्टरांनी सांगितलेलं मी अक्षरशः पाळतो! अक्षरशः!" रेडिओकाका प्रेसमध्ये ज्याला त्याला ऐकवत होते. हा शब्द त्यांना शोभायचाही, कारण तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेलेली. पानात एक काना सुटला तरी त्यांना चैन पडत नसे. रेडिओ हे नाव मात्र वेगळ्या कारणाने पडलं होतं. काका एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे!

झालं असं, की जेवताना काकांचा घास छातीत अडकायला लागला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर अन्ननलिका सुजलेली.

"हे स्टेरॉइडचं औषध. सकाळ-संध्याकाळ सावकाश गिळायचं, चूळ भरून थुंकायची, आणि मग अर्धा तास तोंड बंद!"

"एकदम बंद?" काकांचा चेहरा उतरला.

"एकदम! आठ आठवडे."

काकांनी नियम पाळला. पहिल्याच संध्याकाळी काकू घाबरल्या. "अहो, माझं काही चुकलं का?" काका गप्प. "सांगा ना!" काका घड्याळाकडे बघत बसले. शेवटी काकूंनी अशा तीन गोष्टींची माफी मागितली, ज्यांचा काकांना पत्ताही नव्हता!

सकाळचा डोस ते प्रेसमध्ये, न्याहारीचा डबा संपवून घ्यायचे. त्या प्रेसमध्ये परीक्षेचे पेपरही छापले जात, एका कुलूपबंद गोपनीय विभागात. त्या विभागाचं प्रमुखपद हे काकांचं दहा वर्षांचं स्वप्न होतं. मॅनेजरसाहेब दर वेळी हात जोडत. "काका, काम तुमचं एक नंबर. पण तुमच्या पोटात काही राहतं का हो?"

एके दिवशी काका चूळ भरून परततात तोच साहेब समोर!

"काल माझं आणि मालकांचं वाजलं, तेव्हा तुम्ही दाराबाहेर होतात. काय काय ऐकलंत?"

काकांनी सगळं ऐकलं होतं. जिभेला नुसती खाज सुटली होती! पण अजून सव्वीस मिनिटं बाकी होती.

"मला सांगायला काय हरकत आहे?"

काकांनी ओठ घट्ट मिटले.

"अहो, नोकरी जाईल!"

काकांना दरदरून घाम फुटला, पण ओठ हलले नाहीत. साहेबांचे डोळेच भरून आले. "धन्य आहे तुमची! मी परीक्षा बघत होतो. उद्यापासून गोपनीय विभागातली मुद्रितं तुम्ही तपासा. प्रमुखपदाची ऑर्डर महिनाअखेर काढतो." काकांनी नुसती मान लववली. "आणि गर्वही नाही!" साहेब पुटपुटत गेले.

आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. सूज साफ उतरली होती.

"उतरणारच! डोस घेतल्यावर अर्धा तास मी एक शब्द बोललो नाही!"

"बोलायला कुणी मना केलं होतं?" डॉक्टर चक्रावले. "खायचं-प्यायचं नाही, एवढंच म्हणालो होतो मी!"

सोबत आलेल्या काकूंना हसू आवरेना. काका क्षणभर ओशाळले, आणि मग त्यांची छाती फुगली. "अगं, म्हणजे इतके दिवस मी निव्वळ स्वतःच्या हिमतीवर गप्प बसलो! आहे का कुणाची टाप?"

हा अभिमान घरी पोहोचेपर्यंत दम धरणारा नव्हता. दवाखान्याच्या बाकावरूनच काकांनी साहेबांना फोन लावला आणि दुर्बिणीपासून सुरुवात केली. औषध सांगितलं, तोंड बंद का होतं तेही सांगितलं, अन्ननलिका या विषयावर तर ते अक्षरशः रंगले.

"आणि गंमत बघा साहेब, परवा मी तपासला ना विज्ञानाचा पेपर, त्यातला पाचवा प्रश्न अन्ननलिकेवरच आहे! आकृती काढा, सहा गुण!"

शेजारी बसलेल्या गणवेशातल्या दोन मुलींनी झटकन वह्या उघडल्या.

फोनवर कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. मग साहेब अगदी हळू म्हणाले, "काका, तुमच्या ऑर्डरवर सही करायलाच बसलो होतो. आता आधी तो पेपर बदलायला बसतो."