हुकमदर

मुलांनो, भाजे गावाच्या वरच्या पठारावर जायचं, तर माझ्या लहानपणी परवलीचा शब्द ठाऊक असावा लागे. पायवाट वर पोचली की करवंदीच्या जाळीमागून धोंडीआबा बाहेर येत, खांद्यावर काठी बंदुकीसारखी धरून, आणि ओरडत, "हुकमदर!" आपण म्हणायचं, "फरेन!" मग आबा टाचा जुळवत आणि वाट सोडत. पाटलांचा नवा जावई हौसेने पठार बघायला गेला, त्याला उत्तर ठाऊक नव्हतं. बिचारा अर्धा तास उन्हात उभा राहिला.

"आन् आबा, म्हशी आल्या म्हंजे?" गावातली गंगूमावशी मुद्दाम विचारी.

"म्हशीची वळख हाय. जावयाची न्हवती."

माझे वडील तेव्हा मळवलीला स्टेशनमास्तर होते. रविवारी ते मला घेऊन पठारावर मध आणायला जात. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढून आले होते. आल्यावर गावात राहायचं सोडून त्यांनी हे रान मागून घेतलं. तिथे तोवर कोणीच वस्ती केली नव्हती. आबांनी जाळ्या तोडल्या, दगड वेचले, नाचणी पेरली. सगळं एका माणसाने. पण बोलताना ते नेहमी म्हणत, "आमी दोघांनी ठरीवलंवतं."

दुसरा म्हणजे सखाराम, त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला. खंदकात बसून दोघांनी हे पठार वाटून घेतलं होतं. कुणाचं घर कुठे, विहीर कुठे, यावरून तिथेच दोन दिवस अबोलाही झाला होता. म्हणून पठारावर घरं दोन होती. एक आबांचं. दुसरं बंद, पण दर दसऱ्याला सारवलेलं, आणि त्याचं दार पश्चिमेला.

"आबा, पश्चिमेला कशाला?" वडील म्हणाले. "सगळा पाऊस आत येईल."

"सरळ चुलीत येतो, मास्तर! लय सांगितलं सख्याला. पर त्याला मावळतीच बघायची. त्याचं घर हाय, भोगंल."

तिकडे लढाईवरच सखाराम एका पहाटे धुक्यात पाणी आणायला गेला, तो परतला नव्हता. आबांकडे सरकारी कागद होता. तो ते वडिलांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत.

"बेपत्ता," वडील वाचत.

"पत्ता न्हाई म्हंजे वाट चुकला. मेला आसं कुटं लिव्हलंय का?"

वडील नियमाने चालणारे. कागद उलटसुलट बघून म्हणत, "नाही. तसं लिहिलेलं नाही."

वाट चुकलेल्यासाठी आबांनी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले होते, पलटणीतल्यासारखे चुन्याने रंगवलेले. पावसाने चुना धुऊन जाई. आबा पुन्हा लावत. गाव हसे.

मी इंग्रजी चौथीत होते आणि मला फार येतं असं मला वाटत होतं. एका रविवारी मी म्हटलं, "आबा, हुकमदर असा शब्दच नाही. ते 'हू कम्स देअर' आहे. म्हणजे, कोण येतंय? आणि फरेन नाही, फ्रेंड. म्हणजे दोस्त."

आबांची काठी खांद्यावरून खाली आली.

"इचारायचं आसतं व्हय ते? मला वाटलं, हुकूम हाय." ते पायवाटेकडे बघत राहिले. "इतकी वर्सं मी नुसता दरडावत ऱ्हायलो."

मला शाबासकी हवी होती. वडील मात्र माझ्यापुढे झपझप पायवाट उतरू लागले.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले. लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात एकदा पठारावर गेले, एकटीच. धुकं इतकं, की पांढरा दगड पायाशी आल्यावरच दिसे. मी 'हुकमदर'ची वाट बघत होते. ते आलं नाही. धुक्यातून म्हाताऱ्या, मऊ आवाजात कुणीतरी विचारलं,

"कोन येतंय रं?"

'फरेन' माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो 'रं' ऐकला, आणि ते उत्तर माझं नव्हे हे कळलं.

"मी आहे, आबा. मास्तरांची मुलगी."

धुक्यात काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला.

"ये पोरी, ये," आबा म्हणाले. "दगडाला लुगडं लावू नगंस. चुना वला हाय."