मोटर वर येताना

मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरलेले कोबीचे गड्डे धुवायचे होते, आणि नेमका तेव्हाच अंगणातल्या नळाने दोनदा खोकून मान टाकली. ओकबुन रबरी हातमोजे घालून टबापाशी उभी होती. हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं, म्हणजे किमची, घालायच्या मदतीला आलेल्या चार शेजारणीही बाह्या सरसावून तयार होत्या.

“अहो!” तिने हाक मारली. “पाणी गेलं!”

तिचा नवरा दुशिक चपला ओढत बाहेर आला. जन्मभर बस चालवून तो निवृत्त झाला होता, आणि चालणारं कुठलंही यंत्र आपलं ऐकतं अशी त्याची समजूत होती. त्याने फ्यूज बदलला. कंडेन्सर बदलला. शेवटी बोअरच्या तोंडाला कान लावला. खाली मोटर नुसती कण्हत होती.

“जळली असेल,” ओकबुन म्हणाली. “छांगसूभावजींना बोलवू?”

शेजारणी एकदम कोबीकडे बघू लागल्या. छांगसू दोन घरं पलीकडे राहायचा, पंप बसवायचा, आणि गावकारभाऱ्याच्या निवडणुकीत त्याने दुशिकला पाडलं होतं. तेव्हापासून दुशिकने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. ज्यांनी त्याला मत दिलं असावं त्यांच्याशीही टाकलं होतं. म्हणजे जवळजवळ गावाशीच.

“तो कशाला? जुनी वर काढायची, नवी सोडायची. एवढंच तर असतं.”

“काढणार कोण?”

दुशिकने चारी शेजारणींवरून नजर फिरवली. त्यांनी बिचाऱ्यांनी पाइप धरला, ओढला. पाइप हातभर वर आला आणि अडला.

“राहू द्या, बायकांचं काम नाही हे,” असं म्हणून दुशिकने शेतातला पॉवर टिलर आणला, पाइपला साखळी बांधली आणि गिअर टाकला. टिलरने एक हिसका दिला. पाइप सळसळत वर येऊ लागला. दुशिकला चेव चढला.

“अरे हळू!” शेजारणींतली सगळ्यात वयस्कर इल्सुन आजी ओरडली. “मोटर आहे ती, मुळा नाही!”

मुळ्याचा वाफा तर टिलरने केव्हाच ओलांडला होता. कुंपण आडवं करून तो रस्त्याला लागला, आणि एकाएकी ओझं हलकं होऊन उधळला. दुशिकने कसाबसा ब्रेक लावला आणि मागे वळून पाहिलं. पाइप आला होता. केबल आली होती. आधाराच्या दोराचं कुजलेलं टोक आलं होतं. मोटर तेवढी नव्हती. बोअरमधून ‘डुब्’ असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

“कोबी मिठाने कडू होईल हं आता,” ओकबुन म्हणाली. “सोलमध्ये पोरं हिवाळाभर काय खाणार, तुमचा टिलर?” आणि नवऱ्याच्या उत्तराची वाट न बघता तिने छांगसूला फोन लावला.

छांगसू लोखंडी गळ आणि नवी मोटर घेऊन आला. तोवर बायकांनी सगळा कोबी हातगाडीवर लादून त्याच्याच नळावर नेला होता. बोअरपाशी दोघेच उरले. छांगसूने आडवं कुंपण पाहिलं, वाफ्यातली चाकोरी पाहिली, आणि गळ खाली सोडला. आता हा टोमणा मारणार म्हणून दुशिक दात आवळून उभा राहिला. छांगसू नुसता गळ खालीवर करत राहिला. हे टोमण्याहून वाईट होतं.

“बोल ना काय बोलायचं ते!” शेवटी दुशिकच म्हणाला.

“दोर धर.”

दुशिकने दोर धरला. तिसऱ्या खेपेला गळ अडकला, आणि दोघांनी मिळून जळकी मोटर वर काढली. छांगसू तिथेच मातीत बसला, घाम पुसला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “माझीही पडली होती. माझ्याच बोअरात. पंपवाला मी! कोणाला सांगू नको, भाऊ. धंदा बसेल.”

“छे छे! मी कशाला सांगतोय?”

नवी मोटर बसली आणि नळ दणदणून वाहू लागला. तोवर कोबी धुऊन, मसाला चोळून, डब्यांत भरूनही झाला होता. धुवायला उरले रिकामे टब. ते दुशिकने धुतले, आणि तेही गाणं गुणगुणत.

छांगसू जेवूनच गेला. उकडलेलं डुकराचं मांस, ताजी किमची, वर तांदळाची दारू. तो गेल्यावर मात्र दुशिकच्या पोटात ते गुपित काही केल्या राहीना.

“ओकबुन,” तो कुजबुजला, “बाहेर बोलायचं नाही हं. छांगसूची स्वतःची मोटर—”

“बोअरात पडलेली ना? ते तर सगळ्या गावाला माहितेय.” ती भांडी आवरत राहिली.

दुशिकने दाराबाहेर डोकावून पाहिलं. परत येऊन त्याने विचारलं, “मग माझीही कळेल, नाही?”

“कळेल कशाला?” ओकबुन म्हणाली. “तुमची अजून गळाने वर येत होती, तेव्हाच इल्सुन आजी फोनवर होत्या.”