कानाशेजारची जागा

धाकट्याने ठरवलं होतं ते फक्त इतकंच, की कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश काढून बाजूला धरायचा. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार, असं त्याला वाटलं. (तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. तिथेही 'बारीकसा व्हॉल्व्ह तर बदलायचाय' असं म्हणूनच अर्धं गाव कोरडं ठेवायची पद्धत होती.)

कारण मात्र बारीक नव्हतं. डॉक्टरांनी अप्पांची मुदत सांगितली होती. अप्पा म्हणजे धाकट्याचे वडील, बसवरचे निवृत्त तिकीट तपासनीस. थोरल्या मुलाने जिन्यात जाऊन डोळे पुसले. अप्पांनी मात्र ती बातमी एखादं तिकीट उलटसुलट करून बघावं तशी ऐकून घेतली आणि भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर आईचा फोटो होता. आई अचानक गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून मोठं केलं, आणि त्या गडबडीत तिच्या खांद्याशी एका परक्या माणसाचा कान राहून गेला. तो कान कुणाचा, यावर नातेवाइकांचं अजून एकमत नाही.

"ती गेल्यापासून मी तो कान बघतोय," अप्पा म्हणाले. "माझं असं करू नका. मला एकट्याला टांगा. आणि जरा माणसासारखा दिसेन असं बघा."

अप्पांचे होते ते सगळे फोटो ओळखपत्रांवरचे, आणि प्रत्येकात ते स्वतःच विनातिकीट सापडल्यासारखे दिसत. धाकट्याच्या मते दोष समोरून तोंडावर आदळणाऱ्या फ्लॅशचा होता. उजेड कसा बाजूने, थोडा वरून आणि मऊ यायला हवा.

"मोबाइलवर काढू की आत्ताच," थोरला म्हणाला.

"दादा, हा फोटो जन्मभर राहायचाय."

कुणाच्या जन्मभर, हे थोरल्याने विचारलं नाही.

धाकट्याने फ्लॅश लादी पुसायच्या काठीला चिकटपट्टीने बांधला, पुढे एक पांढरी छत्री अडकवली आणि काठी बायकोच्या हातात दिली. हा स्टँड कुठेही नेता येत असे, वर-खाली होत असे, शिवाय स्वतःच्या पायांनी चालत असे. फक्त तो बोलत असे.

"अहो, हात भरून आले."

"अगं, हलू नकोस. उजेड हलतो."

अप्पांना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून आधी सराव करायचा ठरला. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर लोड उभा केला. त्याला अप्पांचा कोट चढवला, वर टोपी ठेवली, चष्मा लावला. पण खरी परीक्षा असते ती नाकाखालच्या सावलीची, आणि लोडाला नाक नसतं. म्हणून धाकट्याने रबरबँडने मधोमध एक बटाटा बांधला.

दर रविवारी अप्पा थरथरत्या हाताने दाढी करून आतल्या खोलीत पलंगावर तयार बसत. गंजीफ्रॉकवरच बसत, कारण कोट लोडाच्या अंगात होता.

"धाकट्या, झालं का?"

"सावली जरा कडक येतेय, अप्पा. पुढच्या रविवारी नक्की."

"तेवढा त्याचा चष्मा मोकळा झाला तर पेपर वाचीन म्हणतो."

बायकोने एकदा काठी खाली ठेवली. "लोड कुठे पळून जात नाहीये. अप्पांचे काढा आता."

"त्यांना बसवत नाही म्हणून तर सगळं आधी जमवतोय ना," धाकटा म्हणाला. तो मनापासून बोलत होता. बापावर त्याचा फार जीव होता, आणि एवढा जीव असला की माणूस सावल्या मोजत बसतो.

शेवटी बटाट्याखालची सावली लोण्यासारखी मऊ पडली. धाकट्याने लोडाचा कोट उतरवून अप्पांना घातला. तो आता त्यांच्यापेक्षा लोडालाच नीट बसत होता. अप्पांना खुर्चीत बसवलं. बायकोने काठी उचलली, धाकट्याने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी अप्पांचा तोल गेला. बायकोने काठी टाकून त्यांना धरलं. फ्लॅश पडता पडता चमकला. फोटोत अप्पा अंधारात होते, सून अंधारात होती, आणि भिंतीवरचा तो परका कान मात्र बाजूने, थोडा वरून आलेल्या मऊ उजेडात न्हाऊन निघाला होता.

"पुढच्या रविवारी," अप्पाच म्हणाले.

पुढच्या रविवारी अप्पा नव्हते.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं आणि थोरल्याने विचारलं, "फोटो?" धाकट्याने कॅमेरा उघडला. लोड डावीकडून, लोड उजवीकडून, लोड छत्रीसह, लोड छत्रीविना. थोरला उठून पुन्हा जिन्यात गेला. बायको पदराने डोळे पुसत एकेक फोटो पुढे सरकवत होती. एकाएकी तिचा हात थांबला.

लोडाच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. दारातून अप्पा वाकून बघत होते. दाढी केलेली, अंगात गंजीफ्रॉक. आपला कोट घालून बसलेल्या त्या लोडाकडे बघून ते हसत होते. जन्मभर प्रवाशांना न दिसलेलं हसू होतं ते. धाकट्याच्या तोंडून हुंदका फुटला.

तोच फोटो कापून मोठा केला. फोटोत अप्पा अगदी लोडाच्या तोंडाला खेटून आले होते, त्यामुळे कितीही जपून कापलं तरी खांद्याशी थोडंसं काही राहिलंच. आता आईच्या शेजारी अप्पा आहेत. आईच्या खांद्याशी कान आहे आणि अप्पांच्या खांद्याशी बटाटा.

येणारे-जाणारे फोटोसमोर क्षणभर थांबतात. अप्पा जरा पुसट आलेत, असं सगळे म्हणतात. पण बटाट्यावरचा उजेड काय सुरेख पडलाय, हे धाकट्याला आजवर प्रत्येकाने सांगितलंय.