खुर्चीखालचं पाणी

सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायचा नाही, म्हणजे लघवीचा प्रश्नच मिटला! हा शोध विश्रांतवाडीच्या रतनताई कांबळेंचा, आणि त्यांना त्याचा चांगलाच अभिमान होता. तीन बाळंतपणं, पहिलं पोर चार किलोचं, पाळी नुकतीच गेलेली, वजन ऐंशी आणि वर बारमाही खोकला. शिंकलं की थेंब, हसलं की थेंब! घरात कुणाला पत्ता नव्हता.

मंगळवारी कचेरीत शेजारच्या टेबलावरचे रंगराव नव्या साहेबांच्या खाकरण्याची नक्कल करायला लागले. अख्खं दालन खदखदलं. रतनताईंनी पाय आवळले, पदर तोंडात कोंबला. हसू कुकरसारखं चढत गेलं आणि शेवटी खोकल्याची शिट्टी झाली!

खुर्ची भिजली. घोरपडीसारख्या त्या तिला चिकटून बसल्या.

"अहो ताई, खुर्चीखाली पाणी कुठलं?" रंगरावांचा आवाज म्हणजे लग्नातला लाऊडस्पीकर.

"एसी गळतोय!" रतनताईंनी वर बोट दाखवलं.

"महिनाभर बंद आहे तो. सरकारी एसीला बंद पडल्यावर घाम फुटतो वाटतं!"

"मग वरून कुठून तरी येत असेल!"

एवढं वाक्य पुरलं. इमारतीची देखभाल रंगरावांकडे. महिलांच्या संडासाची कडी तीन वर्षं मोडलेली, तिचा अर्ज ह्या गृहस्थांना कधी दिसला नव्हता. पण आता तासाभरात पंचनामा झाला, खुर्चीचे फोटो निघाले. निष्कर्ष: बरोबर वरच्या मजल्यावरचा महिलांचा संडास गळतो. दुरुस्तीपर्यंत कुलूप!

इमारतीत महिलांचा संडास तेवढा एकच. पुरुषांचे चार. त्यांना कोण कशाला कुलूप लावतंय!

बुधवारपासून बायका रस्ता ओलांडून समोरच्या कचेरीत जायला लागल्या. तिथला शिपाई दरवेळी विचारायचा, "काय काम आहे?" आता ह्याला काय काम सांगायचं! त्यांच्याच दालनातली, सातवा महिना लागलेली मैत्री नावाची पोरगी तासातासाला पोट सांभाळत जिना उतरायची.

"शी! काय घाण गळली हो ताई तुमच्या अंगावर," ती धापा टाकत म्हणायची. "नीट अंघोळ केलीत ना?"

रतनताईंना तिच्या सुजलेल्या पायांकडे बघवेना. सांगावं? त्या मान खाली घालून पुढची फाईल उघडायच्या.

शुक्रवारी मैत्री जिन्यातच बसली. रडत होती. सलवार ओली झाली होती. "पोचलेच नाही, ताई."

रतनताईंनी आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या.

"साहेब, संडास उघडा. तो गळत नाही. एसीपण गळत नाही."

"मग पाणी कुठलं?"

"माझं."

साहेब पेपरवेटकडे असे बघायला लागले, जणू तो काल उत्खननात सापडलाय! बराच वेळ खाकरले.

"बाई... आता पंचनामा झालाय. खरं कारण लेखी द्या. त्याशिवाय फाईल बंद होत नाही."

बाई ओली झाली ते पुरलं नाही, त्याचा कागद हवा! रतनताईंचे कान पेटले. पण लिहिलं, सुवाच्य अक्षरात: "खुर्चीखालचं पाणी म्हणजे माझी लघवी होती. इमारतीचा दोष नाही." कुलूप निघालं. कागद साहेबांच्या खणात जाईल आणि विषय संपेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सोमवारी कागद शिक्क्यासकट टेबलावर परत आला. खाली रंगरावांच्या हातची ओळ होती: "प्रत माहितीसाठी: सर्व विभाग."

फोन वाजला. रतनताईंनी डोळे मिटून उचलला. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई कुजबुजत होती, "ताई, मलापण होतं हो. डॉक्टरीणबाई कुठल्या तुमच्या?" पाच वाजेपर्यंत असे आठ फोन आले. नववा रंगरावांच्या बायकोचा! "ह्यांना कळू देऊ नका हं. नाव तेवढं सांगा."

रतनताई काय नाव सांगणार! त्या कुठल्याच डॉक्टरीणबाईंकडे अजून एकदाही गेल्या नव्हत्या.