मागच्या भिंतीवरचा माणूस

सातासमुद्रापार, ट्रॉय गावातल्या आमच्या मराठी मंडळात कॅमेरा म्हणजे जगन्नाथ आणि जगन्नाथ म्हणजे कॅमेरा! हे मी नाही म्हणत, अख्खं मंडळ म्हणतं. म्हणजे, म्हणायचं. परीक्षित येईपर्यंत.

हा परीक्षित जवळच ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. उंच, सडपातळ आणि डोक्यावर केसांचं नुसतं रान! (माझ्या डोक्यावर काय आहे, तो विषय नको.) गणपतीच्या मीटिंगला आला आणि पिशवीतून काढलं काय, तर आकाशाकडे तोंड केलेला कॅमेरा आणि त्याच्यावर उलटा टांगलेला चकचकीत, फुगीर आरसा. म्हणे, यात चारही बाजूंचं सगळं एकदम शूट होतं. मग चार भिंतींना चार पडदे लावायचे आणि मध्ये बसून बघायचं. आपण पुन्हा त्याच हॉलमध्ये!

"वा!" माझी बायको यामिनी म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. पाच वर्षं मी मंडळाचे कार्यक्रम शूट करतोय. एडिटिंग करून डोळ्यांच्या खाचा झाल्या. यामिनीनं माझी एकही फिल्म झोप न लागता पाहिलेली नाही. आणि या पोराच्या नुसत्या आरशाला "वा"! मला हव्या होत्या त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे इथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या अधिवेशनात माझी फिल्म आणि दुसरी, यामिनीचा एक "वा".

त्यात अध्यक्षा शैलजाताईंनी जाहीर केलं, "यंदा अधिवेशनाला आपली एकच फिल्म जाणार. दोघंही करा. सरस असेल ती पाठवू."

"जगन्नाथकाकांसमोर मी काय, यार!" परीक्षित हसत म्हणाला.

काका? अहो, मी बेचाळीस वर्षांचा आहे! माझा असा जळफळाट झाला, की घरी येऊन आधी ॲसिडिटीची गोळी घेतली.

त्याच भरात मी ठरवलं, आपण थ्री-डी करायचं! आपले दोन डोळे दोन जागांवरून बघतात, म्हणून जवळचं-लांबचं कळतं. तसेच दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवायचे. डाव्याचं चित्र डाव्या डोळ्याला, उजव्याचं उजव्याला. लाल-निळा चष्मा घातला, की बाप्पाची सोंड थेट तुमच्या मांडीवर! डावा हँडीकॅम माझा आणि उजवा माझा मित्र त्र्यंबकचा. दोन्ही सेम टू सेम, एकाच सेलमध्ये घेतलेले. ते एका पातळीत हवेत म्हणून घरचा दणकट पोळपाट घेतला आणि नाडीनं दोन्ही त्याच्यावर आवळले.

"पोळपाट परत मिळेल ना?" यामिनीनं विचारलं. वा-बिवा काही नाही.

गणपतीच्या दिवशी शाळेचा हॉल भरला. माझा पोळपाट पुढच्या टेबलावर, परीक्षितचा आरसा हॉलच्या मधोमध. आरतीला वेळ होता म्हणून हा पठ्ठ्या पोह्यांची प्लेट घेऊन गप्पा मारत बसलेला आणि बायका त्याच्याभोवती! "परीक्षित, अजून घे ना!" मला कधी कुणी "अजून घ्या" म्हटलेलं नाही.

मी सवयीप्रमाणे वाकून, कुणाच्या कॅमेऱ्याला आडवं न जाता, त्याच्या कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. मागे म्हणजे काय, समोर गणपती आणि ही कॅमेऱ्याची पाठ. एवढं साधं आहे! त्र्यंबकही आला.

"हा म्हणे कॅमेरा! कढईवर झारा उलटा टांगावा तसा दिसतोय," मी म्हणालो आणि परीक्षित कसा केस उडवतो त्याची नक्कल करून दाखवली. केस नसताना. त्र्यंबक खूश! मग मी त्याची चाल करून दाखवली. मग जीभ काढून दाखवली.

"मोदक खाल्लास?" त्र्यंबकनं विचारलं.

"शैलजाताईंचा? खाल्ला कसला, त्यानं आइस हॉकी खेळता येईल!"

मग म्हटलं, बघू तरी या आरशात एवढं काय आहे. तोंड अगदी जवळ नेलं. आता समोर आरसा आला की माणूस काय करणार? मी कंगवा काढला आणि कानावरचे चार केस टकलावरून पलीकडे पोचवले. दातातली कोथिंबीरही काढली.

पुढच्या शनिवारी शैलजाताईंच्या बेसमेंटमध्ये दोन्ही फिल्म दाखवायच्या ठरल्या. आधी माझी! कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचे चष्मे मी स्वतः कापले होते. दिवे बंद झाले, आरती सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला शिवांगी, त्र्यंबकची पोरगी, ओरडली, "अंकल, व्हाय इज बाप्पा अ होल?"

खरंच! बाप्पाची सोंड आत गेलेली, पोटाचा खड्डा झालेला आणि मागचं मखर अंगावर येतंय! शैलजाताईंचं नाक तर चेहऱ्यात गडप. दोघातिघांना गरगरलं, एकजण बाथरूमकडे पळाला.

"डावा-उजवा उलटा झालाय!" मी किंचाळलो. "कुणी हात लावला माझ्या पोळपाटाला?"

"मी," यामिनी म्हणाली. "आरतीच्या आधी पुऱ्या लाटायला घेतला होता. धुऊन, पुसून, परत बांधून ठेवला की! माझं मेलीचं चांगलं करायला गेले तर..."

मी चष्मे गोळा केले आणि कोपऱ्यात बसलो.

मग परीक्षितची फिल्म. चार भिंतींना चार चादरी, ऑफिसांतून उचलून आणलेले चार प्रोजेक्टर. समोरच्या चादरीवर बाप्पा इतका सुरेख, की मलासुद्धा हात जोडावेसे वाटले. तेवढ्यात मागून कुणीतरी खिदळलं. एकेक जण मान वळवायला लागला. पाहतो तर सगळं मंडळ बाप्पाकडे पाठ करून बसलंय आणि मागच्या भिंतीवर मी! केस उडवतोय, जीभ काढतोय. "त्यानं आइस हॉकी खेळता येईल!" माझा आवाज, एकदम स्पष्ट. मग माझं तोंड मोठं होत होत चारही भिंतींवर पसरलं. जिकडे बघावं तिकडे मी, कंगवा आणि कोथिंबीर!

लोक जमिनीवर लोळत होते. परीक्षितनं तर "काका, कमाल!" म्हणून मला मिठीच मारली.

"फिल्म ठरली," शैलजाताई डोळे पुसत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आणि हो, अधिवेशनात मोदक तुम्ही करायचे."

म्हणजे मीच त्याला जिंकून दिलं! आठवडाभर मी धुमसत होतो. परीक्षितनं सगळ्यांना सीडी वाटल्या. कॉम्प्युटरवर माऊस ओढला की हॉल गोल फिरतो. काल ऑफिसातून आलो, तर यामिनी बाप्पाकडे पाठ फिरवून मागची भिंत बघत होती. खदखदून हसत! झोपबिप काही नाही.

"वा!" ती स्क्रीनला म्हणाली. "काय मजेशीर माणूस आहे!"

माझा ऊर भरून आला. मी शेजारी बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "अगं यामिनी, त्या दिवशी ना..."

"श्श! थांबा हो जरा," ती म्हणाली. "त्याला बोलू द्या."