चमकत्या पाण्यावर बारा तक्रारी

"माझ्या हद्दीत अंधार सापडला तर मला आणून दाखवा!"

असं दिवेसाहेब म्हणायचे. नुसतं म्हणायचे नाहीत, टेबलावर थाप मारून म्हणायचे, आणि ती थाप अशी दणदणीत असायची की शेजारच्या जन्म-मृत्यू नोंदणीतल्या बाईंचा शिक्का हमखास वाकडा पडायचा. निदान तीन जन्म तरी त्यामुळे तिरपे नोंदले गेलेत.

दिवेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागाचे ते प्रमुख. दोन हजार एकशे चाळीस खांब, आणि प्रत्येकाचा नंबर तोंडपाठ! रोज संध्याकाळी साडेसहाला त्यांची स्कूटर बाहेर पडायची. मान वर, नजर दिव्यावर. रस्त्याकडे बघायचं काम समोरून येणाऱ्यांनी करायचं. असं एकतीस वर्षं चाललं. या एकतीस वर्षांत वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, साहेबांना संध्याकाळी घरात बसलेलं पाहिलं ते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा साहेबांच्या पायाला प्लास्टर होतं.

आता साहेब उद्या निवृत्त होणार होते. उद्याच नगरपालिकेचं वर्षही संपत होतं, आणि सगळ्यात कमी तक्रारी असलेल्या विभागाला मिळणारी फिरती ढाल उद्याच दुपारी दिली जाणार होती. गेली आठ वर्षं ही ढाल ड्रेनेजवाल्यांकडे होती. या वर्षी ड्रेनेजच्या अकरा तक्रारी होत्या. आणि दिवाबत्तीच्या? शून्य! वही कोरी करकरीत! साहेब दिवसातून चारदा ती वही उघडून कोरं पान बघायचे आणि समाधानाने मिटायचे. जाता जाता ढाल घेऊन जायचं, एवढी एकच इच्छा उरली होती बिचाऱ्यांची.

"आजची संध्याकाळ तेवढी डोळ्यांत तेल घालून काढायची," ते सकाळी वहिनींना म्हणाले.

"आज संध्याकाळी आपण होडीतून जाणार आहोत," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"खाडीत. रात्री पाणी चमकतं ते बघायला. दोन जागा सांगून ठेवल्यात. तुम्ही नाही आलात तर दुसऱ्या जागेवर मी पिशवी ठेवेन."

वहिनींचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि साहेबांना धास्ती वाटली ती त्याचीच. ते मुकाट्याने हो म्हणाले. तसंही ऑफिस सुटल्यानंतर तक्रारीचा फोन त्यांच्याच मोबाइलवर वळवलेला असायचा. तेव्हा होडीत काय नि घरात काय, पहारा चालूच राहणार होता.

रात्री आठ वाजता धक्क्यावर सगळे जमले. बारा प्रवासी, एक गाइडबाई आणि एक म्हातारा होडीवाला. अमावास्या होती, पण किनाऱ्यावर कसा लख्ख उजेड! साहेबांनी गेल्याच वर्षी तिथे बावीस नवे पांढरे दिवे बसवले होते. त्यांनी छाती पुढे काढून एक एक दिवा डोळ्याखालून घातला.

"पूर्वी इथल्या पायऱ्यांवरूनसुद्धा पाणी चमकताना दिसायचं," गाइडबाई सांगू लागल्या. "पाण्यात बारीक जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. पाणी हललं की ते उजळतात. पण गेल्या वर्षी कुणा शहाण्याने हे दिवे लावून ठेवले, तेव्हापासून आत जावं लागतं."

"कोण असेल हो तो शहाणा?" वहिनींनी भाबड्या चेहऱ्याने विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

होडी निघाली. खाडीच्या मध्यावर होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी पाण्यात हात घातले. पाणी गार होतं, चिकट होतं, आणि पूर्णपणे काळं होतं.

"दिसलं का?" एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं.

"दिसल्यासारखं वाटतंय!" त्यांच्यामागून कुणीतरी म्हणालं.

"कुठे? कुठे?"

"नाही, ते माझं घड्याळ होतं."

"उजेड फार आहे हो," गाइडबाई ओशाळून म्हणाल्या. "तिकडच्या दिव्यांचं सगळं पाण्यावर पडतं. जरा बारकाईने बघा."

बारकाईने बघूनही काळंच दिसलं. हेडमास्तरांनी 'ही शुद्ध फसवणूक आहे' या विषयावर बोलायला सुरुवात केली. वहिनींनी पाण्यातून हात काढला, रुमालाला पुसला आणि मांडीवर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चालायचंच."

आता, वहिनी भांडल्या असत्या तर साहेबांनी उत्तर दिलं असतं. रुसल्या असत्या तर चहा करून दिला असता. पण हे 'चालायचंच' त्यांच्या काळजाला लागलं. लग्नाच्या वाढदिवशी खांब क्रमांक सहाशे बारा पडला होता तेव्हा त्या हेच म्हणाल्या होत्या. भाच्याच्या लग्नात साहेब अक्षतांच्या वेळी ट्रान्सफॉर्मरपाशी उभे होते, तेव्हाही हेच. साहेबांना एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस काहीही करून बसतो. त्यांनी मोबाइल काढला आणि तोंडावर हात धरून किनाऱ्यावरच्या स्विचरूममध्ये वायरमनला फोन लावला.

"किनाऱ्याची लाइन दहा मिनिटं बंद कर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, बंद? बंद म्हणजे... बंद?"

"हो रे बाबा, बंद!"

"तब्येत बरी आहे ना साहेब? वहिनी जवळ आहेत का? जरा त्यांना फोन देता का?"

"मी शुद्धीत आहे! बंद कर!"

"करतो साहेब. पण लेखी लागेल."

साहेबांनी कपाळावर हात मारला. स्विचरूमच्या भिंतीवर त्यांनी स्वतः उभं राहून नियम रंगवून घेतले होते. नियम एक: लेखी आदेशाशिवाय लाइन बंद करू नये, आदेश कुणाचाही असो. यातल्या 'कुणाचाही असो' या शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली होती. मग काय करता! हलत्या होडीत, एका बोटाने, त्यांनी हुद्द्यासकट संपूर्ण आदेश टाइप केला आणि पाठवला.

एका मिनिटाने किनारा विझला.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं.

"एक राहिला!" साहेब पुटपुटले. धक्क्यावरचा दिवा जळतच होता, कारण तो दुसऱ्या लाइनवर होता. काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी दुसरा आदेश टाइप केला. धक्क्याचा दिवाही गेला.

आणि मग पाणी पेटलं! होडीवाल्याने वल्हं मारलं तशी निळी रेघ सरसरत गेली. खालून मासे पळाले तर त्यांचे मार्ग दिसले. हेडमास्तर दोन्ही हातांनी पाणी उडवत "अरेच्चा! अरेच्चा!" करत होते आणि तेवढंच करत होते. वहिनींनी बाही वर सारून कोपरापर्यंत हात बुडवला. बाहेर काढला तर बोटांवरून उजेड ठिबकत होता.

"अहो, बघा ना! बघा तरी!"

"बघतोय, बघतोय!" साहेब म्हणाले. ते किनाऱ्याकडे बघत होते. बावीस खांब एका झटक्यात, एकही न चुकता बंद झाले होते. स्विचचं काम नंबर एक झालं होतं, आणि ते ठेकेदाराला कळवायला हवं, अशी ते मनात नोंद करत होते.

दहा मिनिटं झाली. साहेबांनी पुन्हा फोन लावला.

"आता चालू कर."

"करतो साहेब. आधी नियम दोन."

नियम दोन असा: बंद केलेली लाइन चालू करण्यापूर्वी प्रत्येक खांबापाशी चालत जाऊन, वर माणूस चढलेला नाही याची डोळ्यांनी खात्री करावी.

"अरे, या वेळी खांबावर कोण मरायला चढणार आहे?"

"तुम्हीच सांगता ना साहेब, कुणी नाही असं धरून चालू करायला जावं आणि नेमका तिथेच माणूस असतो! बावीस खांब आणि धक्क्याचा एक. माझा गुडघा धरलाय, जरा वेळ लागेल."

इकडे होडीवाल्याने इंजिन सुरू केलं, चारी दिशांना बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

"मी धक्क्याचा दिवा नाकासमोर धरून होडी नेतो," तो म्हणाला. "आता नाकासमोर काय धरू?"

"अंदाजाने घ्या!" हेडमास्तरांनी फर्मावलं.

अंदाजाने घेतली. पाच मिनिटांनी फस्स असा आवाज झाला आणि होडी चिखलात जाऊन बसली, एखादं दमलेलं माणूस आरामखुर्चीत बसतं तशी.

"घाबरू नका," होडीवाला म्हणाला. "भरती लागलीय. अर्ध्या तासात आपोआप उठेल." आणि त्याने बिडी पेटवली.

गाइडबाईंचा मात्र संयम सुटला. "हे काय चाललंय? आत्ताच्या आत्ता तक्रार करते!" त्यांनी मोबाइल काढून नंबर फिरवला.

तिसऱ्या बाकावर दिवेसाहेबांचा खिसा उजळला आणि वाजू लागला.

एकतीस वर्षांची सवय! हात आपोआप खिशात गेला, तोंड आपोआप उघडलं. "दिवाबत्ती विभाग, बोला!"

आवाज फोनमधूनही आला आणि तिसऱ्या बाकावरूनही आला. होडीतली तेरा तोंडं सावकाश वळली.

"म्हणजे तो शहाणा तुम्ही?" गाइडबाईंनी फोनमध्येच विचारलं.

"तक्रार काय आहे ती सांगा," साहेब क्षीण आवाजात, फोनमध्येच म्हणाले.

"किनाऱ्यावरचे सगळे दिवे बंद आहेत! लिहून घ्या! आणि तक्रारीचा क्रमांक द्या!"

साहेबांनी खिशातली छोटी वही काढली. यातलं सकाळी ऑफिसच्या वहीत उतरवायचं असे. वर्षभराचं कोरं पान डोळ्यांसमोर आलं, आणि त्यांना रडावंसं वाटलं.

"क्रमांक एक," ते म्हणाले.

"थांबा!" हेडमास्तर उभे राहिले. होडी डुगडुगली, ते बसले. "सामुदायिक तक्रारीची कोणी दखल घेत नाही. प्रत्येकाने वेगळी करा. रांगेने!"

आणि लोकांनी खरोखर रांगेने केली हो! एकाने फोन ठेवायचा, दुसऱ्याने लावायचा. "दिवाबत्ती विभाग, बोला." "मी तुमच्या मागे बसलोय." "तक्रार?" "तीच." "क्रमांक सहा." वेळ जात नव्हता, त्यामुळे लोकांना मजा वाटायला लागली होती. गाइडबाई धरून अकरा तक्रारी झाल्या. होडीवाला म्हणाला, "माझं काही नाही बुवा."

अकरा! साहेबांच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. ड्रेनेजच्याही अकराच! बरोबरी! आणि बरोबरी झाली तर निवृत्त होणाऱ्याला ढाल द्यायची, असं मुख्याधिकारी स्वतः चहाच्या वेळी बोलले होते. वाचलो! त्यांनी वही मिटून छातीशी धरली.

तेवढ्यात होडी हलली. भरतीने तिला अलगद उचललं, आणि नेमके त्याच क्षणी किनाऱ्यावरचे दिवे लागले. बावीसच्या बावीस, आणि धक्क्याचा तेविसावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी पुन्हा काळं झालं.

आणि साहेबांचा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं होती: 'घर'.

त्यांनी शेजारी पाहिलं. वहिनी फोन कानाला लावून समोर पाण्याकडे बघत बसल्या होत्या.

"अगं, काय हे?"

"तक्रार आहे. दिवाबत्ती विभागच ना?"

साहेबांनी वही पुन्हा उघडली. "बोला."

"समोर पाणी चमकत होतं. तुमचे दिवे लागले आणि दिसेनासं झालं."

"अगं, अकरा झाल्यात. आता ही कशाला? घरी गेल्यावर बोलू."

"घरी तुम्ही कुठे असता?"

साहेबांनी सवयीने ठरलेला पुढचा प्रश्न विचारला.

"तक्रार... कधीपासूनची आहे?"

"एकतीस वर्षांची," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला. क्रमांक मात्र त्यांनी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवेसाहेबांनी ऑफिसची वही उघडली. खिशातल्या वहीत बघत एक ते अकरा नीट उतरवल्या. प्रत्येकीपुढे 'निवारण' या रकान्यात 'दिवे लावले' असं लिहिलं. मग पेन थांबलं. बारावी कुणी मागितली नव्हती, कुणी विचारणारही नव्हतं. बायकोचा फोन कोण वहीत लिहितं? समोर ड्रेनेजचे साहेब दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने डोकावून गेले.

साहेबांनी टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. आणि सुवाच्य अक्षरात बारावी तक्रार लिहिली.

दुपारी ढाल नवव्यांदा ड्रेनेजला गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या उशिरा, पण वाजवल्या.

संध्याकाळी पाच वाजता कार्यभार घ्यायला आलेले नवे साहेब वही चाळत होते. तरुण माणूस, कामाचा उत्साह उतू जात होता.

"सर, ही बाराव्या क्रमांकाची. हिच्यापुढे निवारणाचा रकाना मोकळाच आहे. काय लिहू?"

दिवेसाहेबांनी स्कूटरची किल्ली आणि फुलांचा गुच्छ एकाच हातात सावरला.

"ती माझ्याकडे वर्ग करा," ते म्हणाले. "व्यक्तिशः."

नव्या साहेबांनी गंभीरपणे तसं लिहून घेतलं. "आणि मुदत, सर? किती दिवसांत निवारण होईल?"

दिवेसाहेब दारात थांबले.

"तक्रारदाराला विचारून सांगतो," ते हळूच म्हणाले.