दुप्पट सतरंजी

रायपूरच्या गोल बाजारातून आलेली सतरंजी बैठकीत उलगडली आणि मारोतराव मटकन खाली बसले. सतरंजी चारही भिंतींवर चढून दारातून ओट्यापर्यंत गेली होती.

"हे काय आणून ठेवलं?" त्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "मी दुप्पट म्हटलं होतं!"

"दुप्पटच आहे. जुनी दहा बाय दहा, ही वीस बाय वीस."

"आजोबा, ये तो चार गुना हो गया," नववीतली नात ईरा म्हणाली. "सौ का सीधा चार सौ!"

मारोतरावांनी बोटांवर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अरे देवा! रेल्वेच्या गोदामात छत्तीस वर्षं काढलेला माणूस तो, कधी एका इंचाची चूक नाही!

चार वाजता हळदीकुंकू होतं. नव्या धाकट्या सुनेची आई, रमाताई, नागपूरहून पहिल्यांदाच घरी येणार होत्या. 'रायपूरकडच्यांना रीतभात नाही,' असं त्यांनी लग्नात भर मांडवात बोलून दाखवलं होतं. आज त्यांना बोट ठेवायला जागा द्यायची नाही, असं विनोदिनीबाईंनी पक्कं ठरवलं होतं.

दुकानाचा कारागीर कात्री घेऊन उभाच होता. "नाप बोलो बाबूजी, काट देता हूँ. चौदह फुट कर दूँ?"

"चौदा? एकशे शहाण्णव होतात! चार चौरस फूट कमी!" मारोतराव ओरडले. "ईरा, तू सांग बरं बरोब्बर आकडा."

ईराने मोबाईल पाहिला. "चौदह पॉइंट एक चार दो एक तीन पाँच छह दो..."

"पुढं?"

"आजोबा, ये खतम नहीं होता."

"काहून नाही होत? दोनशे चौरस फुटांची बाजू आहे, काही आभाळ नाही मोजून राहिलो मी!"

"होता ही नहीं. कभी नहीं."

मारोतरावांनी मोबाईल हातात घेऊन आकडे स्वतः वाचले. बैठकीत मावणारी एक साधी सतरंजी, आणि तिचं माप संपतच नाही? मग आजवर त्यांनी कागदावर काय लिहिलं? "कात्री लावायची नाही," ते म्हणाले, "आकडा संपल्याशिवाय." कारागिराने हात जोडले. "पूरा हो जाए तो फोन कर देना," म्हणत तो स्कूटरवर बसून गेला. तेव्हा तीन वाजले होते.

"गेला ना तो!" विनोदिनीबाई कडाडल्या. "आता विहीणबाईंले फरशीवर बसवू का? उचला, गच्चीवर घ्या ती!"

गच्चीवर विनोदिनीबाईंनी सतरंजी पसरली आणि रुमालात प्रसाद बांधावा तशी चारही टोकं बरोब्बर मध्यभागी आणून ठेवली. पुन्हा चौकोनच झाला, पण लहान.

"आजी!" ईरा किंचाळली. "सब जगह डबल! चार सौ का आधा, पूरा दो सौ!"

मारोतरावांनी टेप लावली. चौदा फूट, पावणेदोन इंचांना जरासं कमी. किती कमी, ते टेपवर नव्हतं. बायको काही न मोजता तिथं पोचली होती.

चार वाजता बायका बैठकीत त्याच दुहेरी सतरंजीवर बसल्या. रमाताईंनी सतरंजी दाबून पाहिली, भिंतीकडची कड न्याहाळली. "बाई बाई, कशी मऊ आहे! आणि खोलीत कशी नीट बसली! व्याहीबुवा, माप तर सांगा, आम्हीपण अश्शीच घेतो."

सगळ्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, "चौदा..." म्हणाले आणि थांबले. खोटं माप त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "ते तुम्ही आमच्या हिलेच विचारा."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. विनोदिनीबाईंच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा खाली पडता पडता राहिला.